वर्षावासातली भूक

रिकाम्या पोटाचा आवाज भरल्या पोटापेक्षा मोठा असतो. आतडी दोन्ही वेळा हलतातच, फक्त रिकाम्या पोटात तो आवाज दाबून ठेवायला अन्न नसतं. सुरुवात बारीक होते, बरगड्यांच्या खाली. मग आवाज खाली सरकतो, लांबतो आणि शेवटी जुन्या दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरत वर येतो.

महामायानं हे अकरावीच्या मुलांना सहज समजावून सांगितलं असतं. पण आवाज तिच्याच पोटातून आला होता, धामणगाव बढ्याच्या बुद्धविहारात, ग्रंथवाचन संपून सगळे डोळे मिटून बसले असताना.

मधल्या वाटेपलीकडे, पुरुषांच्या रांगेत, कोणीतरी खोकललं. चांगलं मोठ्यानं. तिनं डोळे उघडले तर एक उंच, सावळा माणूस तिच्याकडेच पाहत होता... आणि लगेच छताकडे पाहू लागला.

बाहेर चपला शोधताना तो शेजारी आला. गुरांच्या दवाखान्यातले नवे डॉक्टर, प्रसेनजित. लोणारकडच्या सुलतानपूरचे, एवढं ती ऐकून होती.

"खोकल्याचं औषध घ्या, डॉक्टर," ती म्हणाली.

"खोकला मला नव्हता झाला, मॅडम."

"मंग?"

"तुमच्या शेजारच्या आजी डोळे उघडणार होत्या. म्हटलं, माझ्याकडं पाहू द्या."

महामायाचे कान तापले. बोटात अडकलेली चप्पल तिनं तशीच ओढली आणि निघाली.

उन्हाळ्यात तिला संभाजीनगरचं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, बोलायला बरा. मुलाची आई पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाली होती, "पोरगी शिकलेली आहे, गोड आहे. साक्षगंधापर्यंत जरा बारीक झाली की जोडा शोभेल." महामायाच्या तोंडात तेव्हा पोहे होते. ते गिळावेत की नाही हेही तिला कळेना. सिंधूताईंनी, तिच्या आईनं, लेकीच्या वतीनं साखरपुड्याला हो म्हणून टाकलं. महामायानं नको म्हणायचं उद्यावर टाकलं. मग परवावर.

रात्रीचं जेवण तिनं एकदम बंद केलं. दुपारी अर्धी भाकरी आणि काकडी. संध्याकाळी शेजारून लसणाच्या फोडणीचा वास आला की तिचे हात थरथरायचे. फळ्यावर ग्लुकोजचं सूत्र लिहिताना तोंडाला पाणी सुटायचं.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या गोजरबाई ताटलीत गरम वरणफळं घेऊन आल्या. त्यांना नाही म्हणायला कारण हवं होतं.

"मावशी, मी दुपारनंतर जेवत नाही. वर्षावास आहे ना."

पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने जी माणसं अष्टशील, म्हणजे बौद्धांचे आठ नियम, पाळतात, ती दुपारनंतर अन्न घेत नाहीत. गोजरबाईंनी ताटली ओट्यावर ठेवली आणि तिला हात जोडले. "माय... एवढ्या लहान वयात?"

सकाळपर्यंत गावाला कळलं. विहारात बाया तिला पहिल्या रांगेत बसवू लागल्या, म्हाताऱ्या तानुबाईंच्या शेजारी. तानुबाई दरवर्षी खरंच अष्टशील पाळायच्या. संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा असायचा. महामायाला मात्र डोळे मिटले की भजी दिसायची. आरशापुढे वाटली नव्हती एवढी लाज तिला तानुबाईंच्या शेजारी बसून वाटायची.

वाचन संपल्यावर प्रसेनजित तिच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोबत येऊ लागला. त्याची वाट तीच होती, निदान तो तसं म्हणायचा.

"आज खोकावं नाही लागलं," एकदा तो म्हणाला.

"आज मी आधीच तांब्याभर पाणी प्यायली."

"हुशार आहात."

"सायन्सची मास्तरीण आहे, डॉक्टर."

भुरभुर पाऊस होता. छत्री एकच. ती हळूहळू तिच्या बाजूला कलत गेली आणि त्याचा डावा खांदा भिजत राहिला. तिला ते दिसलं. तिनं छत्री सरळ करायला सांगितलं नाही — आणि घरी गेल्यावर त्याचीही लाज वाटली.

मग एका संध्याकाळी मोताळ्याचं बसस्टँड. कॉलेजच्या कामाला गेलेली महामाया परतीच्या बसची वाट पाहत होती. ओळखीचं कोणी नव्हतं. टपरीच्या मागे उभी राहून ती भराभर मिरचीची भजी खात होती. गिळता गिळता डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मॅडम?"

तिनं पुडा पाठीमागे लपवला.

"काय आहे मागं?"

"काही नाही."

"त्या काही-नाहीला मिरचीचा वास येतोय."

तिला हसू येईल असं त्याला वाटलं असावं. तिचा चेहरा पाहून तो गोंधळला आणि आणखी चुकला. "जनावरं बरी. भूक लागली तर लागली म्हणतात, खोटं नाही बोलत."

महामाया मान खाली घालून उभी राहिली. पुड्यातलं तेल ओढणीवर उतरत होतं.

"चुकलं माझं," तो हळू म्हणाला. "बसा. बसून खा. चोरून खाल्लेल्यानं पोट भरतं, मन नाही भरत."

बाकावर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं. स्थळ, अर्धी भाकरी, गोजरबाईंचे जोडलेले हात.

"तुम्हाला स्वतःला व्हायचंय का बारीक?" शेवटी त्यानं विचारलं.

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. "थोडंसं," ती विचार करून म्हणाली. "जिना चढताना दम लागते."

"मग संध्याकाळी उपाशी राहून नाही जमायचं. मटकीची उसळ खा, ताक प्या, पालेभाजी भरपूर घ्या, भाकर एक. जेवायच्या आधी भूक लागणारच. तिला एवढं भ्यायचं कशाला?"

"हे तर मीच पोरांले शिकवते."

"मग तुमच्या वर्गात एक दिवस तुम्हीही बसा." तो हसला. "आणि... त्या स्थळाचं काय?"

तिनं कागदाची घडी घातली. आणखी एक घातली. "आश्विन पौर्णिमेले पाहुणे येऊन राह्यले. साक्षगंधाची तारीख काढाले."

"बरं," तो म्हणाला. "मग मी कोपऱ्यापर्यंत येणं बरं नाही दिसायचं."

"हो," ती म्हणाली. नाही म्हणायचं होतं.

त्या रात्रीपासून ती जेवू लागली. दार लावून, वाटीभर उसळ, सावकाश. भूक आटोक्यात आली, हात थरथरायचे थांबले. पण गावासाठी ती अजून अष्टशील पाळणारी लेक होती. घास घेताना ओसरीवर पाऊल वाजलं की ती ताट पदराआड करायची. विहारातून आता ती एकटीच घरी यायची, आणि ती वाट उगाच लांब झाली होती.

पौर्णिमेला वर्षावास संपला आणि विहाराबाहेर खिरीचं मोठं पातेलं चढलं. पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर बसले. मुलाच्या आईनं तिला न्याहाळलं. "बघा, उतरली की नाही?" प्रसेनजित पातेल्याजवळ डाव घेऊन उभा होता, तिच्याकडे पाहत नव्हता.

विहाराचे अध्यक्ष किसनराव माईकवर म्हणाले, "तानुबाईंसोबत यंदा आपल्या गावची शिकलेली लेक, महामाया, हिनं तीन महिने अष्टशील पाळलं. दोघींले पांढरं लुगडं देऊन..."

"साधू, साधू, साधू," सगळे म्हणाले.

लुगडं तिच्या हातावर आलं. किसनरावांनी माईक पुढे केला. "दोन शब्द बोल, बाई."

तिनं माईक घेतला. "मी काही पाळलं नाही," ती म्हणाली. "मी बारीक होण्यासाठी उपाशी राह्यत होती. त्याची लाज वाटे, म्हणून मावशीले वर्षावासाचं सांगतलं. आता तं घरात लपून जेवते. हे लुगडं माह्यं नाही."

गोजरबाईंचं तोंड उतरलं. तानुबाईंनी मात्र तिचं मनगट धरून तिला जवळ ओढलं. "भूक लागली व्हती तं सांगाचं व्हतं वं, माय. आम्ही का तुले उपाशी ठेवलं असतं?"

तेवढ्यात सिंधूताई उठून आल्या. "पाहुण्यांपुढं काय बोलून राह्यली?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "त्याईले काय वाटन? गप बस."

महामायानं आईकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. आता प्रसेनजित तिच्याकडे पाहत होता, आणि डावातली खीर पातेल्यात परत सांडत होती. माईक अजून तिच्या हातात होता, आणि चालू होता.

"आई, मले हे साक्षगंध करायचं नाही," ती म्हणाली. "उन्हाळ्यातच सांगाले पाह्यजे होतं. मले लग्न करायचं आहे ते डॉक्टरसोबत. त्याईले मी अजून विचारलं नाही... आत्ता विचारून राह्यली."