दगडांखालचा वैमानिक

"माझा बाप एकदा हरवला, आता दुसऱ्यांदा हरवू देऊ नका," धरमपेठेतल्या कचेरीत पाऊल टाकताच हुडकेश्वरच्या देवकीताई म्हणाल्या.

खासगी गुप्तहेर दामिनीने त्यांना बसवलं. तिचा मदतनीस श्रीधर पाणी घेऊन आला.

दुसऱ्या महायुद्धात देवकीताईंचे वडील वामनराव आणि त्यांचा जोडीदार वैमानिक उमरेडकडच्या जंगलावर विमानासकट नाहीसे झाले. झाडाला अडकलेलं एकच पॅराशूट सापडलं. म्हणजे उडी एकानेच मारली होती, आणि तो परतला नव्हता. लोकांनी पळपुटा ठरवलं ते वामनरावांना. जोडीदाराचा मात्र त्याच्या गावाने पुतळा उभारला.

आता रुपराव नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीत अभ्यासक ऋषिकेशला ते विमान सापडलं होतं. जवळच एकाची हाडं होती आणि मनगटातली धातूची नावपट्टी. पट्टी मातीने इतकी माखलेली की नाव वाचता येईना. ऋषिकेशने ती डब्यात ठेवली. सकाळी डबा रिकामा.

"जोडीदाराच्या मुलाचंच काम," गाडीत श्रीधर ठामपणे म्हणाला. "तो कृष्णकांतही तिथेच मुक्कामाला आहे. पुतळा वाचवायचा असेल."

दामिनीने वहीत ते नाव टिपलं.

शेतावर ऋषिकेश चिडलेला होता. "हाडांचा भुगा झालाय, त्यावरून ओळख पटणं कठीण. ती विमानाबाहेर, दगडांच्या ढिगाखाली मिळाली. कोण कुठे बसलं होतं, तेही कुणाला माहीत नाही."

दामिनीने एक दगड उचलला. त्यावर चुन्याचे थरावर थर होते. वरचा अजून पांढराशुभ्र.

श्रीधरची रोखलेली नजर पाहून म्हातारे कृष्णकांत काठी टेकत उठले. "मी चोर? अहो, ती पट्टी माझ्या बाबांचीही असू शकते!"

रुपराव गोठ्याशी उभे होते. "मले काय माहीत, बाई? माझा तं जन्मही नव्हता तवा. मांगच्या सीटवरचा तो बिचारा जागीच गेला. त्याची पट्टी मी काहून नेऊ?"

दामिनीने देवकीताईंसकट सगळ्यांना बोलावून घेतलं.

"पट्टीवरचं नाव कुणीच वाचलं नव्हतं," ती म्हणाली. "कृष्णकांतकाकांनी नाव कळायची वाट पाहिली असती. ते त्यांच्याच वडिलांचं निघालं असतं तर पुतळा आणखी पक्का झाला असता. ऋषिकेशचं तर नुकसानच झालं. न वाचता पट्टी तोच लपवील, ज्याला ते नाव आधीपासून ठाऊक आहे."

श्रीधरने कृष्णकांतांवरची नजर खाली वळवली.

"मेलेला मागच्या सीटवर होता, हे रुपरावकाकांना कोणी सांगितलं? हाडं तर विमानात नव्हतीच. हे एकालाच माहीत असणार, ज्याने उडी मारली, परत येऊन मित्राला पुरलं आणि इथेच राहिला. दगडांना वर्षानुवर्षं चुना लावला जातोय. काका, तुमचे वडील या गावात कुठून आले?"

रुपराव मटकन खाली बसले. मग त्यांनी बंडीच्या खिशातून पट्टी काढली.

"मरताना सांगतलं त्यायनं. वामनरावायनंच हुकूम केला होता, तू उडी मार म्हणून. पण दोस्ताले सोडून आलो, आता कोणाले तोंड दाखवू, म्हणत. चंपतराव नाव घेतलं अन् इथंच शेती केली. लोकायनं माझ्या बाबाले पळपुटा म्हणू नये, म्हणून मी..."

देवकीताईंनी पट्टी पदराने पुसली. मातीखालून वामनरावांचं नाव वर आलं. त्यांनी ती कपाळाला लावली आणि त्या लहान मुलीसारख्या रडू लागल्या.

कृष्णकांत रुपरावांचा चेहरा निरखत होते. बाबांच्या फोटोतलं तेच नाक, तीच हनुवटी.

"कधी गेले ते?"

"नव्वद साली, दादा."

कृष्णकांतांनी डोळे मिटले.

"माझी आई तेव्हा जिवंत होती," ते म्हणाले. "पांढऱ्या कपाळाने."