सालीचं पनीर

फट्! ओट्यावरच्या डब्याचं झाकण आपसूक उडालं. आतल्या खोलीत निजलेल्या छोट्या इशिताने नुसती कूस बदलली. आंबूस भपकारा घरभर पसरला.

"हेच ते नासकं पनीर. सोसायटीवाले माझं म्हणतात," शेरॉन म्हणाली. उत्तन गावाहून पनीर विकायला येणारी, डोळे कोरडे, मान ताठ. "पाच वाजता सोसायटीत माफीनामा लिहून द्यायचा, न्हायतर गेटवर पनीर विकायचं न्हाय. मी लिहिणार न्हाय, संपदा."

संपदा खाजगी गुप्तहेर होती. लेक झोपली की मीरा रोडचा तो फ्लॅट तिचं ऑफिस व्हायचा आणि नवरा, अभिनव, तिचा मदतनीस.

"बनवतेस कसं?"

"तुकडे शेवाळाच्या भुकटीच्या पाण्यात बुडवायचे, मग कॅल्शियमच्या. जेलीसारखी साल धरते. तिच्यात लवंगेचं तेल, म्हणून जंतू लवकर वाढत न्हाय. रश्श्यात उकळलं तरी साल सुटत न्हाय."

अभिनवने चमच्याने नासका तुकडा उलटला. "सालीत काळे ठिपके. बुरशी. केस संपली."

"ठिपके लिही. बुरशी नको लिहूस."

शेरॉन डबे वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायची. तिथून तिसऱ्या मजल्यावरच्या मनोरमाकाकू ते घरोघर पोचवायच्या. केबिनला लागूनच उत्तमची डेअरी.

"ती गेली तर मला बरंच," उत्तम बेधडक म्हणाला. "झूठ क्यों बोलूं? पण सकाळी काउंटर सोडायला फुरसत कुठेय? कॅमेरा बघा."

कॅमेऱ्यात तो सहा ते दहा जागचा हलला नव्हता.

मनोरमाकाकूंकडे इशिता थेट मांडीवर जाऊन बसली. शाळा सुटल्यावर ती रोज इथेच असायची.

"चायना ग्रासची वडी खा गं, ताजी वेलची कुटून घातलीय."

"काकू, तो डबा?"

"आला तसा दिला. शेवाळ फासलेलं खायचंच कशाला? ती यायच्या आधी सगळी बिल्डिंग माझंच पनीर न्यायची."

इशिताच्या ओठांना काळे कण चिकटले होते. ते पुसता पुसता संपदाचा हात थबकला.

पाच वाजता सोसायटीच्या ऑफिसात तिने दोन वाट्यांत उकळतं पाणी ओतलं. एकीत शेरॉनचा ताजा तुकडा, दुसरीत नासका. ताज्याची साल तशीच राहिली. नासक्याची विरघळली, वर काळे कण तरंगले.

"हे पनीर शेरॉनचं नाहीच. साल शेवाळाची, एवढंच नक्कल करणाऱ्याला ठाऊक होतं. चायना ग्रासही शेवाळाचंच, स्वयंपाकघरात हाताशी असलेलं. पण ते गरम पाण्यात वितळतं. आणि ही बुरशी नव्हे, वेलची आहे. वडीच्याच पातेल्यात साल शिजली. उत्तमभाऊ काउंटरवरून हलले नाहीत, डबे गेले एकाच हातातून."

अभिनव कुजबुजला, "अगं, उद्यापासून इशिताला कोण..."

"माहितेय," ती म्हणाली आणि आवाज चढवला. "मनोरमाकाकू, हे तुम्ही केलंत."

सगळ्या माना काकूंकडे वळल्या.

"बावीस वर्षं माझ्या दाराशी रांग लागायची," काकू म्हणाल्या. "आता बेल वाजवते ती फक्त तुझी पोर."

शेरॉनने कोरा माफीनामा टराटरा फाडला. "उद्या सहाला गेटवर हाय मी. ज्याला पायजे त्याने पाणी उकळून बघावं."

जिन्यात इशिताने आईचं बोट ओढलं.

"आई, मी चुकले की सॉरी म्हणते, मग तू मला जवळ घेतेस. मनोरमाआजीला कोण घेणार?"