गाय उठली त्या जागी

"हसा, हसा! हसता हसता दात पडले तर वेचायला मी येणार नाही हं!"

नालेदी असं म्हणाली खरी, पण ज्याला म्हणाली तो काही थांबेना. आणि थांबावं तरी कसं त्याने? लेसोथोच्या डोंगरातली हिवाळ्यातली सकाळ, गवतावर गोठलेलं पांढरंफेक दहिवर, आणि राजधानी मासेरूहून आलेली शाळेतली नवी बाई त्यावर फतकल मारून बसलेली... एक बूट पायात, एक हातात, आणि हातातल्या बुटाचा तळ मात्र मागे दगडांत अडकलेला!

"धावायला निघाला होतात की घसरायला?" गोठ्याच्या दगडी गडग्यापलीकडून त्याने विचारलं. तो म्हणजे मोलेफी. सकाळी घरची गुरं सोडायची, मग लोकरीच्या शेडमध्ये कामाला जायचं, असा उंच, हसऱ्या डोळ्यांचा गडी. खांद्यावर ब्लँकेट, पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट. "आता नवे बूट मासेरूलाच मिळायचे, बाई."

"काही नको! माझ्या वर्गातली पोरं अनवाणीच धावतात. मी पण धावेन."

तिने तावातावाने दुसरा बूट काढला, दहिवरावर उभी राहिली आणि... "आई गं!" दोन्ही पायांवर एकदम उभं राहणंच तिला जमेना.

मोलेफीने पटकन एका तांबड्या गायीला थोपटून उठवलं. गाय बसली होती तेवढी जागा कोरडी होती, तिच्यातून वाफ निघत होती.

"इथे ठेवा पाय. लवकर, निवेल."

तिने पाय ठेवले. ऊब तळव्यांतून थेट पोटऱ्यांत चढली आणि तिचे डोळे आपोआप मिटले. "स्वर्ग आहे हो!"

"स्वर्गाला शेणाचा वास येतो, हे माहीत नव्हतं मला."

"येऊ दे!" ती म्हणाली, आणि या खेपेला दोघंही हसले.

"शिकायचंच असेल तर मी शिकवतो," तो म्हणाला. "उद्या याल?"

"आणि गुरुजी काय गमबूट घालून धावणार?"

त्याने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, क्षणभर घुटमळला... आणि दुसऱ्या दिवशी खरंच अनवाणी आला.

मग रोजच सुरू झालं ते. आधी घराभोवती चालून अंग तापवायचं. मग कुंपणापासून झऱ्यापर्यंत, तेवढंच. पावलं लहान, गुडघे सैल, टाच आपटायची नाही. "पायाचा आवाज आला म्हणजे चुकलं," मोलेफी बजावायचा. आणि बोटं बधिर झाली की लगेच थांबायचं, परत गायीकडे. गाय एक आणि माणसं दोन. त्या उबदार जागेवर चार पाय मावायचे तर खेटूनच उभं राहावं लागे.

"जाडी गाय का नाही पाळलीत?" ती एकदा म्हणाली.

"हीच बरी आहे," तो गायीकडे बघत म्हणाला. नालेदीचे कान एवढ्या थंडीतही तापले.

पण तेवढंच. पुढे शब्द नाही. आणि तिला तर तो शब्द हवाच होता! मासेरूच्या शाळेत तिच्यासाठी जागा ठेवली होती. यायचं असेल तर शनिवारच्या बसने ये, असा मावशीचा निरोप आला होता. तिने तो मोलेफीला मुद्दाम सांगितला. तो "हं" म्हणाला. नुसता "हं"! तिला इतका राग आला की त्या सकाळी ती झऱ्याशी थांबलीच नाही, तशीच पुढे धावत सुटली. परतली तेव्हा बोटं पांढरी पडलेली, काही कळत नव्हतं त्यांत. मोलेफीचा चेहरा उतरला. त्याने तिला पाठुंगळी घेतलं, तिच्या खोलीवर आणलं, तिचे पाय आपल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून धरून बसला. हळूहळू बोटांत मुंग्या आल्या, मग आग आग झाली. "दुखतंय!" ती ओरडली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. "कंटाळला असेल या शहरी ब्यादेला," ती स्वतःशीच पुटपुटली.

शुक्रवारी हिमाची भुरभुर सुरू झाली. तिला राहवेना. अंगावर शालही न घेता, अनवाणीच, ती त्याच्या घराकडे धावत निघाली. कुठेही न थांबता! पायांचा आवाजसुद्धा येत नव्हता, पण हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"अगं बाई, वेड लागलं की काय!" मोलेफीच्या आईने दार उघडलं, थरथरणाऱ्या पोरीला आत ओढलं, पेटी उघडून हाताला आलं ते ब्लँकेट तिच्या अंगावर टाकलं. आणि नालेदीने पाहिलं... चुलीशी मोलेफी बसला होता, कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून. तळवे भेगाळलेले, सोललेले.

"हे काय?"

"विचार त्यालाच!" आई कडाडली. "लहानपणापासून गमबूट घालणारा हा! आणि म्हणे मी शिकवतो! तुझ्या वर्गातल्या पोरांना गाठून विचारायचा, आज काय सांगू म्हणून!"

मोलेफीने मान खाली घातली. तेवढ्यात दारावरून जाणारी शेजारीण थबकली, तिने नालेदीच्या खांद्यावरचं कोरं ब्लँकेट पाहिलं आणि जीभ घोळवून अशी किलकारी मारली की कुत्री भुंकायला लागली. सासूने नवं ब्लँकेट पांघरवलं की पोरगी घरची सून झाली, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

"मेले मी!" आईने कपाळाला हात लावला. "सुनेसाठी ठेवलेलं होतं गं ते! घाईत हाताला लागलं. काढ पोरी, चुकून झालं. मी सांगते सगळ्यांना."

नालेदीने ब्लँकेटचं टोक धरलं. "मोलेफी, तुम्ही सांगा. काढू?"

"मला... मला धावता येत नाही, नालेदी. रोज तू दिसावीस म्हणून थाप मारली. त्यात तुझे पाय गेले असते. कुठल्या तोंडाने थांब म्हणू?"

"मी धावण्याचं विचारलं नाही."

चुलीत लाकूड तडतडलं. त्याने वर पाहिलं.

"नको काढूस," तो म्हणाला. "उद्याच्या बसने जाऊ नकोस. तू गेलीस तर मला करमायचं नाही गं."

नालेदीने सुटकेचा एवढा मोठा निःश्वास टाकला की आईलाही हसू फुटलं. मग तिने आईच्या शालीची पिन मागून घेतली, छातीशी ब्लँकेट नीट टाचलं आणि घमेल्यापाशी बसली.

"सरक की जरा," ती म्हणाली आणि आपले गारठलेले पाय त्याच्या पायांशेजारी पाण्यात सोडले. "लवकर, निवेल."