ऐकायची प्रत

राजारामपुरीत आमच्या मंडळाची एक खोली आहे. कोल्हापुरातल्या जुन्या स्टुडिओंत राबलेल्या माणसांच्या आठवणी आम्ही तिथं जमवतो. त्या नीट जपण्यासाठी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मी त्या रविवारी दुपारी बसवत होतो. लिनक्सवर हे काम सरळ होत नाही. डेटाबेस चालला की सर्व्हर अडतो, सर्व्हर उठला की परवानग्या अडतात. धाकटा भाऊ उदयसिंह कोडोलीहून स्पीकर घेऊन आला होता. शेजारी बसून तो शेंगा सोलत होता.

अखेर पान उघडलं. कोरं. चालतंय का बघायला मी आईची मुलाखत चढवली. आई, चिमणाबाई, स्टुडिओत कपडे शिवायची. ती धडधाकट होती तेव्हा मीच तिला बोलतं केलं होतं. हे सॉफ्टवेअर मूळ फाईल तशीच ठेवतं आणि ऐकण्यासाठी तिची एक हलकी प्रत बनवतं. ती प्रत मी लावली.

"माप घेताना नट हलला, की मी मुद्दाम टाचणी टोचायची," आई म्हणाली आणि खदखदून हसली. मुलाखत तिथंच संपते.

ती संपली नाही.

पंख्याची घरघर सुरू झाली. मग आईचाच आवाज, पण पार खंगलेला. "पृथ्वी आला का रं?" पृथ्वी म्हणजे मी.

"न्हाय येत म्हणतोय," उदयचा आवाज म्हणाला. "कामं हायती त्याला."

मी मूळ फाईल लावली. आई हसली, संपलं. पुन्हा प्रत लावली. हसणं, मग पंखा.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. रोज फोन करायचो. उदय म्हणायचा, "ती कुणालाच वळखत न्हाय, दादा. तुजं नाव बी घेत न्हाय. यून काय बघणार?" मी त्याचं ऐकलं. पोहोचलो तो थेट मातीलाच.

"हे तू रेकॉर्ड केलंस?"

"न्हाय." सोललेली शेंग त्याच्या बोटांत तशीच होती. "तवा खोलीत आमी दोघंच हुतो. मोबाईल बी जवळ न्हवता."

"पण असं बोललास तू तिला?"

त्यानं शेंग खाली ठेवली. "सगळं मी केलं तिचं. धुणं, पुसणं, भरवणं. आन ती सारखी तुजंच नाव घ्यायची."

त्याला धरून बदडावं असं वाटलं. हात उचललाच नाही. आई माझी वाट बघत गेली होती, आणि तिच्या लेखी मी नाही म्हणालो होतो.

प्रत चालूच होती. तिच्यातला पंखा थांबला.

"उदय," आई म्हणाली. आवाज आता स्वच्छ होता. "सांगितलंस व्हय त्याला?"

उदयनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"व्हय, आई," तो म्हणाला.

स्पीकरमधून खाट करकरली. मग फरशीवर पाय टेकल्याचा आवाज आला.