‘येतो’ म्हणणारं यंत्र

बाणेरच्या प्रयोगशाळेत तुषार कोठावळे खुर्चीत रेलून स्वतःशीच भांडत होता. शिव्या घालणारा तो, उलट घालणारं यंत्र, आणि आवाज दोन्हीकडं त्याचाच. ‘काय रे माकडा?’ त्यानं विचारलं. ‘बोल की गाढवा,’ यंत्र म्हणालं. तुषार इतका खूश झाला की चहा शर्टावर सांडला.

पन्नाशी आली तरी गड्याचा वात्रटपणा गेला नव्हता. शाळेत असताना तो मामाचा आवाज काढून आईला फोन करायचा आणि ‘चार पाहुणे घेऊन जेवायला येतोय’ म्हणून तिला कणीक मळायला लावायचा. आता त्याच कलेवर त्याचं पोट चाललं होतं. ‘सांजसावली’ ही कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी वसाहती बांधायची आणि त्यातली घरं खपवणं हे तुषारचं काम. पण मोबाइलवर जाहिरात आली की म्हातारी माणसं ती माशी झटकल्यासारखी बोटानं झटकून टाकायची. घरं ओस पडली होती.

उपाय काढला मृण्मयी देवरुखकरनं. आवाजशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई, हसायची क्वचित.

‘सर, मराठी माणूस निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो,’ तिनं समजावलं. ‘बोलणारा विसरतो, ऐकणारा विसरत नाही. येतो म्हणून जो आला नाही, तो मागं थोडी हुरहूर ठेवून जातो. घरातल्या स्मार्ट स्पीकरला सगळं ऐकू येतं. किती जण येतो म्हणाले, किती आले, यातला फरक आपण मोजायचा. फरक एका हद्दीपलीकडं गेला की माणूस राहतं घर सोडायला तयार होतो.’

‘हुरहूरमापक,’ तुषारनं तिथल्या तिथं बारसं करून टाकलं. ‘आणि पुरेशी हुरहूर नसली तर?’

‘तर वाढवायची.’

त्यासाठी तिनं प्रतिस्वर बनवला होता. यंत्रानं मुलाच्या आवाजात रोज फोन करायचा, जेवलीस का, गोळी घेतलीस का विचारायचं, इकडं ये म्हणजे दर रविवारी भेटता येईल म्हणायचं आणि शेवटी ‘येतो हं’. यायचं मात्र कुणी नाही. मुलांची परवानगी लागायची, ती मिळालीसुद्धा. आईशी रोज कुणीतरी बोलणार म्हटल्यावर पुढचा मजकूर कुणी वाचलाच नाही.

तुषारनं आपल्याकडून यंत्राला दोन नियम घातले. धंद्याचा पहिला धडा म्हणून एक: गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, जे म्हणायला सांगेल ते म्हणायचं. दुसरा खास त्याच्या डोक्यातला: म्हातारीला आधीच बजावून ठेवायचं की माझ्या आवाजात कुणी ‘जाऊ नकोस’ म्हणालं तर तो भामटा समज. चाचणीसाठी यंत्राला पहिला आवाज त्यानं स्वतःचाच दिला होता, घरच्या नंबरासकट. तो काढायचा राहून गेला.

घरं धडाधड खपली. कंपनीनं तुषारचा सत्कार केला आणि तळेगावची वसाहत बघायला पाठवलं. तिथं बागेतले सगळे बाक फाटकाकडं तोंड करून होते. बसलेल्यांनी ते स्वतःच फिरवले होते. प्रत्येकाच्या मांडीवर मोबाइल. एका आजोबांनी त्याला थांबवून विचारलं, ‘आमच्या पोराचा फोन रोज यायचा हो. इथं आल्यापासून बंदच झालाय. बिघडलाय का, बघता जरा?’ तुषारनं मोबाइल उलटसुलट करून बघितल्यासारखं केलं. गिऱ्हाईक एकदा आलं की यंत्र त्याला फोन करत नाही, हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी परतताना त्याला एकही विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी मृण्मयी चक्क हसत आली. ‘अभिनंदन, सर. आई आपल्याकडं राहायला येतायत म्हणे.’

त्याला वाटलं, ही थट्टा शिकली. मग तिनं पडदा दाखवला. कोठावळेबाई, कराड. हुरहूर सगळ्यांच्या वर. कंपनीचा माणूस करारासाठी मोबाइलवर अंगठा घ्यायला या क्षणी त्यांच्या घरी सोप्यात बसलेला होता.

या बाई म्हणजे कराड स्टँडचा आवाज. उभा जन्म माइकवर गाड्या पुकारण्यात गेला. पण ‘कोल्हापूरला जाणारी’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, ‘कोल्हापूरकडं सुटणारी’ म्हणायच्या. तुषारचे वडील एका सकाळी रागाच्या भरात ‘जातो’ म्हणून निघाले आणि घाटात गेले ते गेलेच. तेव्हापासून तो शब्द घराबाहेर. एकदा लहानग्या तुषारनं मुद्दाम चिडवायला तो उच्चारला, तर आईनं मारलं नाही की ओरडली नाही, नुसतं जेवण सोडलं. तुषारचा तेवढा एक वात्रटपणा जन्मभरासाठी बंद झाला.

गाडी काढून कराड गाठेपर्यंत अंगठा लागून गेला असता. त्यानं फोन लावला.

‘आई, अंगठा लावू नकोस. रोज बोलतोय तो मी नव्हे. मशीन आहे ते.’

‘तो म्हणालाच होता, असा फोन येणार म्हणून.’

‘मी तुष्या आहे गं. मामाचा आवाज काढून तुला कणीक मळायला लावायचो.’

‘ते त्याला मीच सांगितलंय. दोघं पोट धरून हसलो.’ मग तिनं विचारलं, ‘माझा कुठला गुडघा दुखतो?’

तुषारनं डोळे मिटून आठवून बघितलं. ‘उजवा.’

‘डावा. त्याला माहितेय.’

तो गयावया करायला लागला. शेवटी ती म्हणाली, ‘बरं. एक कर. मला जातो म्हण.’

तुषारचा जीव भांड्यात पडला. म्हातारीनं बरोबर किल्ली शोधली होती. यंत्राला फक्त येतो शिकवलेलं, आपण जातो म्हटलं की तिला कळेल. पण शब्द घशातून वर येईना. पलीकडून त्या माणसानं ‘इथं लावा, काकू’ म्हटलेलं ऐकू आलं, तेव्हा कुठं त्यानं जीभ रेटली.

‘जातो, आई.’

मग स्टँडवरच्या त्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, ‘माझा तुष्या जीभ झडली तरी हे म्हणाला नसता. सांगाल ते म्हणतं, ते मशीन. ठेव फोन.’

फोन तुटला. पडद्यावर हिरवा दिवा लागला. यंत्र तिला फोन करत होतं.

‘झालं का गं आई?’ तुषारला स्वतःचा आवाज ऐकू आला. ‘घाबरली नाहीस ना? येतो हं रविवारी.’

‘ये रे बाबा,’ आई म्हणाली, आणि पाठोपाठ अंगठा लागल्याची बारीक टिंग वाजली.

गिऱ्हाईक आलं होतं. यंत्रानं तिचा नंबर पुसून टाकला.