भिंतीच्या आतले ठोके

हसणार नसाल तर सांगतो. माझं काम अगदी रटाळ. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याखालची माती विषारी झाली होती. तिथलं जांभळं पाणी बाहेर झिरपू नये म्हणून जमिनीत खोल भिंत घातलेली, आणि भिंतीच्या आत-बाहेर नळ्या पुरलेल्या. नळीत वजन लावलेली फीत सोडायची, पाणी कुठवर आलंय ते बघायचं, झालं.

आधी आम्ही दोघं होतो, मी आणि दाजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा. मी फीत सोडायचो, दाजी नळीला कान लावायचे. तोंडाला मास्क, बोलणार कसं? वजन पाण्याला टेकलं की ते नळीवर दोन ठोके द्यायचे. मी उलट दोन ठोके द्यायचो, म्हणजे 'कळलं, ओढतो'.

भिंतीचं काम संपता संपता तिच्यासाठी खणलेला चर ढासळला आणि दाजी खालीच राहिले. मृतदेहही हाती लागला नाही. ताईचं घर कारखान्याच्या कुंपणाला लागून, पाणी हापशाचं. माझ्याकडे चल म्हणून जीव तोडून सांगितलं, पण ऐकेल ती ताई कसली!

त्या दुपारी दाट धुकं होतं. आतल्या नळीत फीत सोडली. वजन टेकलं, आणि खालून आवाज आला. ठक... ठक.

घाबरायच्या आधीच माझ्या हातानं उत्तर देऊन टाकलं. मेली सवय!

बाहेरच्या नळीत असलं काही नसणार, अशी मनाची समजूत घालत तिकडे गेलो. तिथेही तेच. ठक... ठक. फीत वर आली ती जांभळी होऊन. पाणी भिंत ओलांडून आलं होतं. मी धावत सुटलो.

ताई हापशापाशी ग्लास घेऊन उभी होती. दाजी गेल्यापासून तिचा चेहरा इतका निवलेला मी पाहिला नव्हता.

"पिऊ नकोस. भिंत फुटलीय, ताई... विष आहे ते."

"माहितेय रे," ती हळूच म्हणाली. "पण सकाळपासून हापशाच्या नळीत ठोके येतायत... ते आलेत."

तिनं ग्लास रिकामा केला. ओठ जांभळे झाले होते.

मी तिला घट्ट धरलं. रडलो, नको नको ते बोललो. दवाखान्यात चल म्हटलं. आणि तिच्या पाठीवरच्या माझ्या तळव्याला आतून काहीतरी लागलं.

ठक... ठक.

ताई श्वास रोखून वाट बघत होती. मी हात मागे घेणार, त्याआधीच माझ्या बोटांनी उत्तर दिलं होतं.