निळ्या नकाशातली विहीर

दार लोटून घ्या आधी. आणि मधेच कुणी हसायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो सुश्रुत भिंगारला आमच्या शेजारीच राहतो. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा त्याला.

सुश्रुत एका कंपनीत जमिनीखालच्या पाण्याचे नकाशे करतो. दर मे महिन्यात ठरलेल्या विहिरींमध्ये वजन लावलेली पोलादी टेप सोडायची, पाणी किती खोल गेलंय ते लिहायचं, आणि त्यावरून नकाशा रंगवायचा. पाणी वर असेल ती वस्ती निळी, तळाला गेलं असेल ती लाल. लाल वस्तीला टँकर मिळतो. निळीला मिळत नाही.

मे महिन्याची अठ्ठावीस तारीख होती, मंगळवार. राहुरीच्या पूर्वेला माळावरच्या अकरा विहिरी त्याने दिवसभरात उरकल्या. बारावी मात्र टाळत राहिला. आदल्या साली तो त्या विहिरीपर्यंत गेलाच नव्हता. उन्हाचा कंटाळा आला, म्हणून धाब्यावर ताक पीत बसला आणि मागचाच आकडा उतरवून मोकळा झाला. सहा मीटर. एवढ्याने काय बिघडतंय, असं वाटलं होतं गड्याला.

त्या विहिरीच्या वस्तीवर पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. चंद्र उगवायला अजून तीन तास होते. पहिल्याच घराच्या ओट्यावर सहादेव नावाचा म्हातारा शेतकरी बसला होता.

"पानी मोजायला आले व्हय? मोजा बाबा. गेल्या साली तुमच्या नकाशात आमी निळं. टँकर आलाच न्हाई. माजी सून मोनिका घागरभर पान्यापायी हिरीत उतरली, पाय निसटला, ती गेली. कोन आल्तं वो तवा मोजायला?"



"माहीत नाही. मी नवीन आहे," असं बोलून सुश्रुत बॅटरी घेऊन एकटाच विहिरीकडे निघाला.

विहीर शंभर पावलांवर होती. बॅटरीच्या उजेडात तळ दिसेना. त्याने टेप सोडली. वजन पाण्याला टेकलं की डुबुक असा आवाज येतो, तो ऐकत राहिला.

सहा मीटर झाले. आवाज नाही. नऊ. बारा. चौदा...

टेप सैल पडली. आणि मग ताणली गेली. खालून. दोन झटके बसले. विहिरीत उतरलेली बाई दोर हलवून वरच्याला खुणावते ना, घागर भरली, ओढा, अगदी तसे.

"क... कोण आहे?"

बॅटरी हातातून निसटली. आत गेली. पडल्याचा आवाज आला नाही.

अंधार...

"किती लिवलं हुतं, सायेब?"

बाईचा आवाज. शांत. जवळचा.

त्याला पळायचं होतं. पाय हलेनात. मूठ उघडेना.

"सहा," तो कसाबसा बोलला. "मीच लिहिलं. न मोजता."

 

"मोजा आता."

टेप सरसरत आत गेली. बोटं सोलून निघाली. मग थांबली.

थांबली तिथेच अंगठा गच्च आवळून, दुसऱ्या हाताने टेप ओढत तो जो पळत सुटला, तो सहादेवच्या ओट्यावरच कोसळला. दिव्याखाली अंगठा काढला. सोळा मीटर.

"बाबा, तो मीच होतो," तो रडत म्हणाला. "मी विहिरीपर्यंत आलोच नव्हतो."

म्हातारा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. टेपचं दुसरं टोक उजेडात धरून बसला होता.

पोलादी टेप वाकवली तर तडकते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण वजनाच्या वर तिला गाठ मारलेली होती. दुहेरी. कुठे चीर नाही, सुरकुती नाही.

सहादेवने गाठीवरून बोट फिरवलं.

"घागरीला अशी गाठ आमच्या घरात येकटी मोनिकाच मारायची," तो म्हणाला. "आता लिव्ह सोळा."

त्याने लिहिलं. वस्ती लाल झाली, टँकरही आला. ती टेप अजून सुश्रुतच्या कपाटात आहे. मी स्वतः हातात घेऊन पाहिली. गाठ सुटत नाही... आणि वर्ष झालं तरी ओली आहे.